कॉम्प्युटर 'अपग्रेड करा' म्हणून मागे लागलाय? अपडेट बंद करू नका, पण अपग्रेडची तारीख तुम्ही ठरवा

प्रवेश अर्जाचा शेवटचा दिवस. मुलीचे दाखले स्कॅन करून ठेवलेले, मोबाइलचं हॉटस्पॉट चालू, आणि कॉम्प्युटर सुरू करताच पडद्यावर एकच ओळ: अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. आकडा तीस टक्क्यांवर अडकलेला. तासभर झाला तरी हलत नाही. मग कुणीतरी वैतागून बटण दाबून धरतं, मशीन बंद पडतं आणि पुन्हा चालू केल्यावर विंडोज उघडतच नाही.

तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसलं तर अशा तक्रारी रोज ऐकायला मिळतात. कुणी सांगतं, 'आपोआप नवीन विंडोज पडलं आणि प्रिंटर बंद झाला.' कुणी सांगतं, 'रोज निळा पडदा येतो, विंडोज ११ घ्या म्हणून मागे लागतो.' तिसरा विचारतो, 'विंडोज १० बंद झालं म्हणे, आता कॉम्प्युटर भंगारात घालायचा का?'

भंगारात घालायची गरज नाही. पण दुर्लक्ष करूनही चालणार नाही. नेमकं काय सक्तीचं आहे, काय आपल्या हातात आहे आणि कोणत्या क्रमाने काय करायचं, ते इथे सोप्या शब्दांत.

अपडेट वेगळं, अपग्रेड वेगळं

बहुतेक गोंधळ या दोन शब्दांमुळे होतो.

अपडेट म्हणजे आहे त्याच विंडोजची डागडुजी. चोरांना आत शिरता येईल अशी एखादी फट सापडली की कंपनी ती बुजवते आणि ती दुरुस्ती इंटरनेटवरून तुमच्या मशीनवर पाठवते. मायक्रोसॉफ्ट हे काम दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी करते. आपल्याकडे तो बहुधा बुधवार उजाडतो.

अपग्रेड म्हणजे विंडोजच बदलणं. १० काढून ११ टाकणं, किंवा ११ मधलीच जुनी आवृत्ती काढून नवी टाकणं. यात डाउनलोड मोठं असतं, वेळ जास्त लागतो, मशीन अनेकदा बंद-चालू होतं आणि जुने प्रिंटर, जुनी सॉफ्टवेअर अडण्याची शक्यता असते.

जनावरांना लाळ्या-खुरकताची लस देणं आणि गोठाच पाडून नवा बांधणं, यात जेवढा फरक तेवढाच यात आहे. लस वेळेवर द्यायची. गोठा कधी बांधायचा ते मात्र सवडीने, पैसा आणि हंगाम बघून ठरवायचं.

सक्ती नेमकी कुठे आहे?

विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ रोजी. तेव्हापासून घरगुती विंडोज वापरणाऱ्याला अपडेट कायमचं नाकारण्याची सोय उरली नाही. आधी विंडोज ७ मध्ये 'अपडेट कधीच घेऊ नका' असा पर्याय होता. १० मध्ये तो गेला. विंडोज घेताना आपण न वाचता 'ॲक्सेप्ट' दाबतो, त्या करारातच आपोआप अपडेट येतील असं लिहिलेलं असतं. त्यामुळे महिन्याची सुरक्षा अपडेट ही खरोखर सक्तीची आहे. ती पुढे ढकलता येते, रद्द करता येत नाही.

विंडोज १० वरून ११ वर जाणं मात्र घरगुती ग्राहकाला सक्तीचं नाही. मशीन पात्र असेल तर अपडेटच्या पानावर विंडोज ११ ची पट्टी दिसते. तिथे 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' असं ठळक बटण असतं आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरात 'स्टे ऑन विंडोज १० फॉर नाऊ', म्हणजे सध्या १० वरच राहा, असं लिहिलेलं असतं. पूर्ण पडदाभर जाहिरात आली तरी त्यात 'कीप विंडोज १०' किंवा 'रिमाइंड मी लेटर' असा पर्याय कोपऱ्यात असतो. ठळक बटण सोडून ते बारीक अक्षर शोधायचं, एवढंच.

११ च्या आत मात्र खरी सक्ती आहे. विंडोज ११ ची प्रत्येक आवृत्ती घरगुती मशीनवर साधारण २४ महिने सांभाळली जाते. ती मुदत संपत आली की पुढची आवृत्ती आपोआप टाकली जाते. तेव्हा ज्यांच्याकडे आधीच ११ आहे त्यांनी 'आम्ही काही दाबलंच नाही तरी बदललं' असं म्हटलं तर ते खरं असू शकतं.

लोक उगाच घाबरत नाहीत

अपग्रेडच्या नावाने लोकांच्या मनात राग आहे, त्याला कारणं आहेत.

२०१५-१६ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना १० वर नेण्यासाठी मायक्रोसॉफ्टने जोर लावला होता. पडद्यावर सतत एक चौकट यायची. वर्षानुवर्षांची सवय म्हणून लोक ती चौकट कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून बंद करायचे. पण २०१६ च्या मे महिन्याच्या सुमारास त्या फुलीचा अर्थ 'नको' असा न धरता 'ठरलेल्या वेळेला अपग्रेड करा' असा धरला जाऊ लागला. जगभर ओरड झाली. शेवटी जूनमध्ये कंपनीने फुलीचा अर्थ पूर्ववत केला आणि स्पष्ट नकाराचं बटण दिलं.

त्याच काळात अमेरिकेत कॅलिफोर्नियातली एक ट्रॅव्हल एजंट महिला कोर्टात गेली. परवानगी न देता विंडोज १० टाकायला सुरुवात झाली आणि कामाचा कॉम्प्युटर बरेच दिवस धड चालला नाही, असं तिचं म्हणणं होतं. कोर्टाने तिला १० हजार डॉलर मंजूर केले. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण खर्च वाढू नये म्हणून अपील मागे घेतलं.

दुसरा धडा ऑक्टोबर २०१८ चा. विंडोज १० ची नवी आवृत्ती २ ऑक्टोबरला आली आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइल्स गायब झाल्या. चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टला ती आवृत्ती थांबवावी लागली. ज्यांनी पहिल्याच दिवशी हौसेने बटण दाबलं त्यांचं नुकसान झालं. जे महिनाभर थांबले त्यांना झळ लागली नाही. नवीन आवृत्ती आली की काही आठवडे थांबावं, हे त्यामुळेच.

पण अपडेट कायमचं बंद केलं तर?

'अपडेट कायमचं बंद करा' असे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत. सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेटच बंद करायचं, किंवा कुठलंसं छोटं सॉफ्टवेअर टाकायचं. गावातले बरेच कॉम्प्युटर असे 'शांत' करून ठेवलेले आहेत. हा उपाय महागात पडतो.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फाइल्सना तो कुलूप लावायचा आणि सोडवण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागायचा. दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर सापडले. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचं काम ठप्प झालं. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही कॉम्प्युटरनाही फटका बसला.

यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की ज्या फटीतून हा व्हायरस शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिलं होतं. म्हणजे जवळपास दोन महिने आधी. सापडलेली मशीन बहुतेक विंडोज ७ ची होती. विंडोज जुनं होतं म्हणून ती सापडली असं नाही, कारण विंडोज ७ ला तेव्हा अपडेट मिळतच होती. कुणी ती घेतलीच नव्हती.

म्हणून नियम असा: अपग्रेड टाळलं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. अपडेट टाळलं तर कधीतरी बिघडतंच.

विंडोज १० 'बंद झालं' म्हणजे काय झालं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. म्हणजे कॉम्प्युटर चालायचा थांबला नाही. तो पूर्वीसारखाच चालू होतो, फाइल्स उघडतात, इंटरनेट चालतं. फक्त नवीन सापडलेल्या फटी आता आपोआप बुजवल्या जात नाहीत. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा आधारही त्याच दिवशी संपला.

विंडोजमधला डिफेंडर अँटिव्हायरस नवीन व्हायरसची ओळख घेत राहील, असं कंपनीने सांगितलं आहे. पण तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. चोर ओळखणारा राखणदार असला तरी मागची भिंत पडलेलीच असेल तर चोर आत येणारच.

यावर कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी एक सोय दिली. तिचं नाव 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स'. यात विंडोज १० वरच राहून सुरक्षा अपडेट मिळतात. जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. ही सोय घेण्याचे तीन मार्ग ठेवले गेले:

– मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून कॉम्प्युटरच्या सेटिंग्जचा बॅकअप चालू करणं. याला पैसे लागत नाहीत.
– मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट वापरणं.
– एकदाच ३० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे रुपये भरणं.

तिन्ही मार्गांना मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, असावी लागते. ती आहे का हे बघायला कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात इंग्रजीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही अक्षरं टाइप करून एंटर मारा. आवृत्ती समोर दिसते.

मग सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी', त्यात 'विंडोज अपडेट' उघडा. नोंदणीची ओळ तिथेच 'एनरोल नाऊ' अशी दिसते. फुकटचा मार्ग घेताना एक काळजी घ्या. सेटिंग्जचा बॅकअप लहान असतो, पण त्याच वेळी फोटो आणि डॉक्युमेंट्सही वनड्राइव्हवर चढवायचे का असं विचारलं जातं. तिथे फुकट जागा फक्त ५ जीबी आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर फोटोंचं बटण बंद ठेवा, नाहीतर दिवसाचा डेटा तासाभरात संपेल.

आपलं मशीन ११ ला चालेल का?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. ही अट बरीच मशीन पार करतात. अडतं ते दोन ठिकाणी.

पहिलं, प्रोसेसर. इंटेलचा कोअर मालिकेतला प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', त्यात 'अबाउट' उघडा. 'आय५-८२५०यू' असं दिसलं तर आडव्या रेषेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी, चालेल. 'आय३-६००६यू' असेल तर सहावी पिढी, चालणार नाही. 'आय५-१०२१०यू' सारखा पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे बघा, ती दहावी पिढी. एएमडीचं मशीन असेल तर साधारणपणे रायझन २००० मालिका किंवा पुढची लागते. मोटामोटी सांगायचं तर २०१८ च्या आधी घेतलेली बरीच मशीन यात बसत नाहीत.

दुसरं, टीपीएम २.०. ही मशीनमधली सुरक्षेची चिप असते. गंमत म्हणजे अनेक मशीनमध्ये ती असते, पण बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. तिथे ती इंटेलच्या मशीनवर 'पीटीटी' आणि एएमडीच्या मशीनवर 'एफटीपीएम' या नावाने सापडते. म्हणून दुकानदाराने 'यात टीपीएम नाही, नवीन मदरबोर्ड लागेल' असं सांगितलं तर आधी बायोसमध्ये बघायला सांगा.

हे सगळं किचकट वाटत असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट ॲप आहे. ते कंपनीच्या साइटवरूनच घ्या. चालेल की नाही आणि नाही तर कशामुळे नाही, ते थेट सांगतं.

'नाही चालत तरी टाकून देतो' म्हणणारा भेटला तर

अट पूर्ण नसतानाही विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत आणि दुकानांत त्या सर्रास वापरल्या जातात. मशीन चालूही होतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असं कंपनीनेच सांगितलं आहे. ज्या कारणासाठी ११ घ्यायचं तेच कारण हातचं जातं. फार जुन्या प्रोसेसरवर ११ च्या नव्या आवृत्त्या सुरूच होत नाहीत.

दुसरा धोका जास्त मोठा आहे. ११ टाकायचं म्हणून मशीन दुकानात दिलं की बऱ्याचदा 'फॉरमॅट मारला' जातो. अपग्रेडमध्ये फाइल्स जागच्या जागी राहतात. फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्ह पुसला जातो. आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो हे सगळं सी ड्राइव्हवरच असतं. लग्नाचे फोटो, वारलेल्या आजोबांचा एकमेव व्हिडिओ, सातबाराच्या पीडीएफ, बचत गटाचा हिशेब, सगळं एका झटक्यात जातं. म्हणून मशीन देताना दोन प्रश्न विचारा: अपग्रेड करणार की फॉरमॅट? आणि माझा डेटा आधी कुठे काढून ठेवणार?

बनावट 'ॲक्टिव्हेटर' टाकलेलं विंडोज असेल तर तो वेगळाच धोका. अशा सॉफ्टवेअरमध्ये व्हायरस लपलेला असू शकतो. १० वरून ११ वर जाणं ओरिजिनल विंडोजवाल्यांना फुकट आहे. लॅपटॉप नवीन घेताना त्यात विंडोज आलं असेल तर ते बहुधा ओरिजिनलच असतं. उगाच फॉरमॅट मारून त्याजागी क्रॅक कॉपी टाकून घेऊ नका.

अपडेटची वेळ आपल्या सोयीने कशी लावायची

कामाच्या दिवशी कॉम्प्युटर अडू नये म्हणून चार गोष्टी करून ठेवा.

१. पॉज अपडेट्स. विंडोज १० मध्ये अपडेटच्या पानावर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये ३५ दिवसांपर्यंत अपडेट थांबवता येतं. विंडोज ११ मध्ये ५ आठवड्यांपर्यंत. परीक्षा, प्रवेश, विमा भरण्याचे दिवस आले की आधीच थांबवा. मुदत संपली की आधी साचलेली अपडेट घ्यावी लागतात, मगच पुन्हा थांबवता येतं.

२. ॲक्टिव्ह अवर्स. तुम्ही कोणत्या वेळेत काम करता ते इथे सांगायचं. १८ तासांपर्यंत वेळ देता येते. त्या वेळेत कॉम्प्युटर आपणहून रीस्टार्ट होत नाही.

३. मीटर्ड कनेक्शन. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ज्यांचं काम चालतं त्यांच्यासाठी हे सगळ्यात उपयोगी. 'नेटवर्क अँड इंटरनेट' मध्ये जोडलेल्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये हे बटण चालू करा. मग मोठी डाउनलोड आपोआप सुरू होत नाहीत आणि रोजचा दीड-दोन जीबी डेटा वाचतो. पण हे बटण चालू असताना अपडेट मागे पडतात. महिन्यातून एकदा चांगलं नेट असेल तिथे मशीन नेऊन 'चेक फॉर अपडेट्स' दाबायची सवय ठेवा.

४. विंडोज ११ मध्ये 'गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल' असं एक बटण असतं. ते बंद राहू द्या. नव्या गोष्टी सगळ्यात आधी मिळवायची घरच्या मशीनला गरज नसते.

लाइट जायची भीती असेल आणि शट डाऊन करताना 'अपडेट अँड शट डाऊन' आणि साधं 'शट डाऊन' असे दोन्ही पर्याय दिसत असतील, तर साधं शट डाऊन निवडा. अपडेट लाइट नक्की असेल तेव्हा घ्या.

अपग्रेड करायचंच ठरलं, तर हा क्रम

मशीन पात्र असेल तर आज ना उद्या ११ वर जावंच. फक्त तयारीने.

आधी फाइल्स पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स विसरू नका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा असेल तर त्याचा वेगळा बॅकअप घ्या. उतरवलेली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप काही कामाचा नाही.

मग मराठी फॉन्टकडे बघा. बऱ्याच जुन्या अर्जांचे, पत्रांचे, लग्नपत्रिकांचे मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. तो फॉन्ट नसला की अख्खं पान अगम्य चिन्हांनी भरतं. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमध्ये 'फॉन्ट्स' असतं, तिथून लागणारे फॉन्ट उचलून ठेवा. मराठी टाइपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरची सीडी किंवा चावी सांभाळून ठेवा. नवीन टाइपिंगसाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आता मिळतो. इंग्रजी अक्षरांनी लिहिलं की मराठी उमटतं.

प्रिंटर, स्कॅनर, बोटाचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन यातलं काही वापरत असाल तर त्या कंपनीच्या साइटवर विंडोज ११ साठी ड्रायव्हर आहे का ते आधीच बघा. नसेल तर अपग्रेड थांबवा. ते यंत्र चालणं जास्त महत्त्वाचं.

यानंतर बिटलॉकरची रिकव्हरी की. काही लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये बदल केला किंवा अपग्रेडनंतर काही अडलं की निळा पडदा येतो आणि ४८ आकड्यांची चावी मागतो. ती नसेल तर डेटा कुणालाच काढता येत नाही, दुकानदारालाही नाही. ही चावी तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. मोबाइलवरून लॉगिन करून ती आधीच वहीत लिहून ठेवा.

शेवटी वीज आणि वेळ. लॅपटॉपला चार्जर लावलेला हवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टर हवा. भारनियमनाचं वेळापत्रक बघून दिवस निवडा. दोन-तीन तास मोकळे ठेवा. आकडा एखाद्या टक्क्यावर बराच वेळ थांबतो, पडदा काळा होतो, मशीन स्वतः बंद-चालू होतं. हे नेहमीचं आहे. बटण दाबून मध्येच बंद करू नका.

अपग्रेडनंतर काही जमलं नाही तर १० दिवसांत माघारी येता येतं. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', 'रिकव्हरी', 'गो बॅक'. जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं. जागा खातंय म्हणून ते लगेच पुसू नका. ते पुसलं तर परतीची वाट बंद. त्या १० दिवसांत प्रिंट काढून बघा, स्कॅन करून बघा, मराठी टाइप करून बघा.

मशीन ११ ला चालत नसेल तर

सध्या सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत घ्या आणि तेवढ्या काळात पुढचं ठरवा. पुढचा एक चांगला मार्ग म्हणजे लिनक्स. ही फुकट आणि कायदेशीर प्रणाली आहे. लिनक्स मिंट आणि उबुंटू ही त्यातली नावाजलेली नावं. मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती जुन्या मशीनवर हलकी चालते. आपल्या सी-डॅक संस्थेने 'बॉस' नावाचं लिनक्स बनवलं आहे, त्यात मराठीही आहे. केरळमधल्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सवरच मुलं शिकतात.

इंटरनेट, यूट्यूब, अभ्यास, पत्र लिहिणं, पीडीएफ, ऑनलाइन अर्ज ही कामं लिनक्सवर होतात. पण टॅलीसारखी विंडोजची सॉफ्टवेअर, जुनी मराठी टाइपिंगची सॉफ्टवेअर आणि काही यंत्रांचे ड्रायव्हर तिथे अडतात. आधी पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघता येतं, मशीनमधलं काहीही न पुसता. प्रिंटर आणि वायफाय चाललं तर पुढे जा.

यातलं काहीच जमणार नसेल आणि विना-अपडेटचं विंडोज १० वापरावंच लागलं, तर त्या मशीनवर बँकेचं काम, यूपीआय, आधारशी जोडलेली कामं करू नका. त्यासाठी अपडेट असलेला मोबाइल वापरा. ते मशीन अभ्यास आणि टाइपिंगपुरतं ठेवा.

फोन करून 'अपग्रेड करून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध

विंडोज १० बंद झाल्याच्या बातमीचा फायदा ठगही घेऊ शकतात. 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचं विंडोज बंद होणार आहे' असा फोन येतो, किंवा पडद्यावर भोंगा वाजतो आणि एक नंबर दिसतो. मायक्रोसॉफ्ट कुणाला असा फोन करत नाही आणि इशाऱ्यात फोन नंबर देत नाही. समोरचा एनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगेल, मग ओटीपी मागेल. तिथेच फोन ठेवा. पडदा अडकला असेल तर मशीन बंद करा.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आता कॅलेंडर काढा आणि येत्या महिन्यातला असा एक रविवार निवडा, ज्या दिवशी कुठला अर्ज भरायचा नाही आणि लाइटही असेल. त्या दिवशी फक्त बॅकअप घ्या आणि साचलेली अपडेट करा. अपग्रेडचा विचार त्यानंतर.